विश्लेषण : लेखनात करिअर करायचे तर पदव्युत्तर पदवी लागते का? कुठे लागते, कुठे नाही?

पदवीचा निकाल लागला की अनेक घरांत एक वाद हमखास होतो. मुलगा किंवा मुलगी म्हणते, ‘मला लिहिण्यात करिअर करायचे आहे’ आणि आईवडील विचारतात, ‘ते ठीक आहे, पण नोकरी कसली करणार?’ पूर्वी या प्रश्नाला पत्रकारिता किंवा प्राध्यापकी अशी दोनच ठरलेली उत्तरे होती. आता तांत्रिक लेखन, ॲपमधील मजकूर, जाहिरात, भाषांतर, पटकथा, संपादन अशी यादी बरीच लांबली आहे. त्याच वेळी मोबाइलमधील एआय चॅटबॉट काही सेकंदांत पानभर मजकूर लिहून देतो आहे. अशा काळात लेखनाच्या पदव्युत्तर शिक्षणावर एक-दोन वर्षे आणि काही लाख रुपये खर्च करणे शहाणपणाचे आहे का? ही पदवी कुठे अनिवार्य आहे, कुठे ती कुणी विचारतही नाही आणि प्रवेश घेण्यापूर्वी काय तपासावे, हे समजून घेऊ.

‘व्यावसायिक लेखन’ म्हणजे नेमके काय?

लेखनाचे पदव्युत्तर शिक्षण म्हटले की आधी आठवते ते सर्जनशील लेखन, म्हणजे कथा, कादंबरी आणि कविता. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ पासून सुरू आहे. ब्रिटनमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० मध्ये सर्जनशील लेखनाचे एम.ए. सुरू केले. पुढे नोबेल मिळवणारे काझुओ इशिगुरो तिथलेच विद्यार्थी. या अभ्यासक्रमांचा उद्देश लेखक घडवणे हा असतो, नोकरी मिळवून देणे हा नाही.

व्यावसायिक लेखनाचा अभ्यासक्रम याहून वेगळा असतो. त्यात लेखन हे दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेसाठी केले जाते. सॉफ्टवेअर कसे वापरायचे याची पुस्तिका, रुग्णाला औषधाची माहिती देणारे पत्रक, बँकेच्या ॲपवरील सूचना, सामाजिक संस्थेचा निधीसाठीचा प्रस्ताव, कंपनीचा वार्षिक अहवाल, सरकारी योजनेची माहिती हे सगळे त्यात येते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचा इंग्रजी विभाग ‘व्यावसायिक लेखन’ याच नावाने एम.ए. चालवतो, तर ब्रिटनमधील फालमथ विद्यापीठातही याच नावाचे एम.ए. आहे.

भारतात या नावाचा अभ्यासक्रम सहज सापडत नाही. हे शिक्षण वेगवेगळ्या विभागांत विखुरलेले आहे. काही भाग पत्रकारितेत, काही भाषांतरात, काही भाषा विभागांत, तर काही चित्रपट आणि प्रकाशनाच्या अभ्यासक्रमांत मिळतो. त्यामुळे आपल्याकडे विद्यार्थ्याला आधी कामाचा प्रकार ठरवावा लागतो आणि मग त्यानुसार अभ्यासक्रम शोधावा लागतो.

वर्गात शिकवतात तरी काय?

‘लिहिणे शिकवता येते का?’ हा जुना प्रश्न आहे. प्रतिभा शिकवता येत नसेल, पण मजकूर वाचकाच्या कामाचा करणे नक्की शिकवता येते. रोजच्या वापरातील एक उदाहरण पाहू.

यूपीआयवरून पैसे पाठवताना मध्येच काही बिघडते आणि स्क्रीनवर ‘व्यवहार अयशस्वी’ एवढेच दोन शब्द दिसतात. ते व्याकरणाने अचूक आहेत. पण किराणा दुकानात रांगेत उभ्या असलेल्या ग्राहकाला तीन गोष्टी हव्या असतात. खात्यातून पैसे गेले का? गेले असतील तर परत येतील का? आता पुन्हा पाठवायचे की नाही? याचे उत्तर देणारा मजकूर काहीसा असा असेल : ‘पैसे पोहोचले नाहीत. खात्यातून रक्कम वजा झाली असल्यास ती परत जमा होईल. तोवर पुन्हा पाठवू नका.’

ही तीन वाक्ये लिहायला मिनिटभर पुरते. त्याआधीचे काम मोठे असते. रक्कम खरोखर परत येते का आणि किती दिवसांत, हे तांत्रिक विभागाला विचारावे लागते. ‘परत जमा होईल’ असे आश्वासन देता येईल का, हे विधी विभागाकडून तपासून घ्यावे लागते. मजकूर लहान स्क्रीनवर मावतो का, हे डिझायनरसोबत बसून पाहावे लागते. शेवटी तो मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एकाच अर्थाने उतरतो का, याचीही खात्री करावी लागते.

चांगल्या अभ्यासक्रमात हेच शिकवले जाते. वाचक कोण आहे हे ओळखणे, तज्ज्ञाला नेमके प्रश्न विचारणे, माहितीची मांडणी, संपादन, पुनर्लेखन, तथ्यतपासणी आणि मुदतीत काम संपवणे. यातील सर्वांत मौल्यवान भाग असतो तो आपल्या मजकुरावर दुसऱ्याने लाल शाईने केलेल्या खुणांचा. नोकरीत इतक्या बारकाईने चुका दाखवायला सहसा कुणाला वेळ नसतो.

पदवी कुठे अनिवार्य आहे?

सरकारी आणि बँकांतील भाषाविषयक पदांसाठी पदव्युत्तर पदवी ही पात्रतेची अट आहे. त्यामागे कायदा आहे. राजभाषा अधिनियम, १९६३ च्या कलम ३ (३) नुसार केंद्र सरकारचे ठराव, सामान्य आदेश, अधिसूचना, करार, निविदा सूचना असे दस्तऐवज हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काढावे लागतात. त्यातून अनुवादक आणि राजभाषा अधिकारी यांची पदे तयार होतात.

सार्वजनिक क्षेत्रातील बँकांमध्ये राजभाषा अधिकारी होण्यासाठी आयबीपीएसची विशेषज्ञ अधिकारी परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी हिंदीत पदव्युत्तर पदवी आणि पदवी स्तरावर इंग्रजी हा विषय असणे आवश्यक आहे. संस्कृतमध्ये पदव्युत्तर पदवी असेल, तर पदवीला इंग्रजी आणि हिंदी हे दोन्ही विषय लागतात. केंद्रीय कार्यालयांतील कनिष्ठ अनुवाद अधिकारी पदासाठी कर्मचारी निवड आयोग म्हणजे एसएससी परीक्षा घेते. तिथे पदव्युत्तर पदवी आणि हिंदी-इंग्रजी विषयांच्या ठरावीक जोडीबरोबरच अनुवादाची पदविका किंवा प्रमाणपत्र अथवा सरकारी कार्यालयातील अनुवादाचा अनुभव मागितला जातो. या परीक्षेचा दुसरा पेपर अनुवाद आणि निबंधाचा असतो.

नेमकी इथेच अनेकांची गल्लत होते. जनसंवादात एम.ए. केलेला विद्यार्थी कितीही चांगले हिंदी लिहीत असला, तरी राजभाषा अधिकारी पदासाठी पात्र ठरत नाही. हिंदीत एम.ए. केले, पण पदवीला इंग्रजी विषय नव्हता, तरी अर्ज बाद होऊ शकतो. दोन वर्षे अभ्यास केल्यानंतर ही अट कळली, तर ती वर्षे परत मिळत नाहीत.

अध्यापनातही पदवीला पर्याय नाही. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी संबंधित विषयात किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट उत्तीर्ण असणे किंवा पीएच.डी. असणे लागते. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत असते.

पदवी कुठे विचारली जात नाही?

खासगी क्षेत्रातील बहुतेक लेखनकामांसाठी पदवीचे नाव दुय्यम ठरते. जाहिरात संस्था, प्रकाशनगृहे, न्यूज पोर्टल, ॲप बनवणाऱ्या कंपन्या आणि निर्मितीसंस्था आधी केलेले काम पाहतात. अनेक ठिकाणी उमेदवाराला चाचणी म्हणून एक मजकूर लिहायला किंवा संपादित करायला देतात. त्यात तो नापास झाला, तर गुणपत्रिका वाचवत नाही.

तांत्रिक लेखनाचे उदाहरण बोलके आहे. पुणे, बंगळुरू आणि हैदराबादमधील सॉफ्टवेअर कंपन्यांत हे काम करणाऱ्यांपैकी अनेक जण अभियांत्रिकीचे पदवीधर असतात. एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी कसे बोलायचे याचे नियम म्हणजे एपीआय. ते समजावून लिहिणाऱ्याला आधी ते स्वतः वापरून पाहावे लागतात. त्यामुळे मार्कडाउन, गिट, एक्सएमएल, मॅडकॅप फ्लेअर अशा साधनांची ओळख आणि नीटनेटके इंग्रजी या दोन गोष्टींना मागणी असते. गुगलने तांत्रिक लेखनाचे प्राथमिक धडे इंटरनेटवर मोफत उपलब्ध करून दिले आहेत. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या पुस्तिकांत कुणालाही सुधारणा सुचवता येते आणि ती स्वीकारली गेली, की कामाचा जाहीर पुरावा तयार होतो.

मग अशा ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण निरुपयोगी ठरते का? तसे नाही. त्यातून सराव, मार्गदर्शन, इंटर्नशिप आणि ओळखी मिळतात. पण पदवीसोबत दाखवण्याजोगे काम हाती नसेल, तर तिचा उपयोग मर्यादित राहतो.

महाराष्ट्रात आणि देशात कोणते पर्याय आहेत?

*पत्रकारिता :* सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संज्ञापन आणि वृत्तपत्रविद्या विभाग, म्हणजेच सर्वांना परिचित असलेले रानडे इन्स्टिट्यूट. मुंबई विद्यापीठातही असा विभाग आहे. भारतीय जनसंचार संस्थेच्या म्हणजे आयआयएमसीच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका आहे. आयआयएमसीला २०२४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

*भाषांतर आणि प्रकाशन :* इग्नू अर्थात इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात अनुवादाची पदव्युत्तर पदविका, अनुवाद अध्ययनातील एम.ए. आणि ग्रंथप्रकाशनाची पदव्युत्तर पदविका हे पर्याय आहेत. दूरशिक्षणामुळे नोकरी सांभाळून ते करता येतात. कोलकात्यातील सीगल स्कूल ऑफ पब्लिशिंगमध्ये पदवी मिळत नाही, पण संपादन आणि ग्रंथनिर्मितीचे प्रत्यक्ष शिक्षण मिळते.

*पटकथा :* पुण्यातील एफटीआयआयमध्ये पटकथालेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे.

*मराठी :* विद्यापीठांच्या मराठी विभागांबरोबरच आता अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. महानुभाव पंथाच्या आद्य मराठी ग्रंथांशी नाते असलेले हे गाव. केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यामुळे आपोआप नोकऱ्या निर्माण होत नसल्या, तरी संशोधन, भाषांतर आणि कोशकार्याला बळ मिळावे, अशी अपेक्षा आहे.

आणखी एक बदल लक्षात घ्यायला हवा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना एका वर्षात पदव्युत्तर पदवी पूर्ण करण्याचा पर्याय आहे. त्यामुळे विद्यार्थ्याचा वेळ आणि खर्च दोन्ही वाचू शकतात. मात्र आपल्या विद्यापीठात त्या विषयासाठी ही सोय आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

परदेशी पदवीचा हिशेब कसा मांडावा?

ब्रिटनमधील एम.ए. बहुधा एका वर्षाचे असते. कार्नेगी मेलनचा अभ्यासक्रम तीन सत्रांचा आहे. तिथली शिकवण्याची पद्धत, छोटे वर्ग आणि उद्योगाशी असलेला संबंध या जमेच्या बाजू आहेत. पण तिथला अभ्यासक्रम मुळात तिथल्या बाजारासाठी आखलेला असतो. ज्याला मराठी किंवा हिंदीत काम करायचे आहे, त्याला त्यातील मोठा भाग इथे येऊन नव्याने जुळवून घ्यावा लागतो.

कर्ज काढून जाणाऱ्यांनी हिशेब मांडताना ‘तिथेच नोकरी मिळेल’ हे गृहीत धरू नये. भारतात परतून सुरुवातीच्या पगारावर हप्ता भरता येईल का, हा खरा प्रश्न आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांशी त्यांच्याच भाषेत स्पर्धा करायची आहे, हेही विसरून चालणार नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या त्या वर्षीच्या अटींत आपले विद्यापीठ आणि विषय बसतो का, हे अर्ज करण्यापूर्वी पाहावे.

एआयमुळे हे क्षेत्रच संपणार का?

धोका खरा आहे. वस्तूंची वर्णने, ठरावीक साच्याचे ब्लॉग, सोपे भाषांतर अशी सुरुवातीची कामे यंत्राकडे जात आहेत. नवे लेखक याच कामांवर हात बसवत असत. भाषांतरात शब्दामागे दर ठरतो. यंत्राने केलेले भाषांतर दुरुस्त करण्याचा दर मूळ भाषांतरापेक्षा साधारणपणे कमी असतो. १९५३ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेतील तांत्रिक लेखकांची संघटना ‘सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन’ आर्थिक अडचणींमुळे जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली. तिच्या बंद होण्याचे खापर एकट्या एआयवर फोडता येणार नाही, पण या व्यवसायातील अस्वस्थता त्यातून दिसते.

दुसरी बाजूही आहे. हॉलीवूडच्या लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला. त्यानंतर झालेल्या करारात एआयने तयार केलेला मजकूर हा लेखकाचे साहित्य मानला जाणार नाही, लेखकावर एआय वापरण्याची सक्ती करता येणार नाही आणि लेखकाला दिलेला मजकूर एआयने तयार केला असेल तर कंपनीने तसे सांगावे, अशा अटी आल्या.

भारतातील न्यायालयांचे उदाहरण अधिक जवळचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘सुवास’ हे भाषांतराचे सॉफ्टवेअर आणले. त्यातून निकालांचा मसुदा भारतीय भाषांत होतो, पण तो माणसांकडून तपासून घेतला जातो. कारण निकालात ‘करू शकेल’ आणि ‘करील’ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिल्यात अधिकार आहे, तर दुसऱ्यात बंधन. अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीतून देण्याची वाट २०२१ मध्ये खुली झाली. त्या पाठ्यपुस्तकांचेही तसेच आहे. यंत्राने शब्द बदलून दिला, तरी विद्यार्थ्याला संकल्पना कळली का, हे विषय आणि भाषा दोन्ही जाणणाऱ्यालाच सांगता येते.

म्हणजे यापुढे केवळ मजकूर तयार करता येतो, एवढ्यावर पैसे मिळणे अवघड होणार आहे. मजकूर बरोबर आहे याची जबाबदारी घेणाऱ्याची गरज मात्र राहणार आहे. ज्या अभ्यासक्रमात तथ्यतपासणी, संपादन आणि एखाद्या विषयाचे सखोल ज्ञान यांवर भर नाही, त्यावर पैसे खर्च करण्याआधी दोनदा विचार करावा.

लेखकाला कायदा का माहीत हवा?

लेखनाच्या अनेक अभ्यासक्रमांत न शिकवला जाणारा, पण सर्वांत जास्त आर्थिक फटका देणारा विषय म्हणजे हक्क. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या लेखकाचा हक्क मात्र त्याने लेखी करार करून दिल्याशिवाय जात नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हक्क विकले तरी ‘हे मी लिहिले आहे’ असे म्हणण्याचा अधिकार कलम ५७ नुसार लेखकाकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटांसाठी लिहिणाऱ्या गीतकार-लेखकांचा रॉयल्टीतील वाटा संरक्षित केला.

प्रत्यक्षात पहिले काम मिळाल्याच्या आनंदात अनेक जण ‘सर्व हक्क, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी’ असे लिहिलेल्या कागदावर न वाचता सही करतात. हे टाळायला शिकवणारा एक तासही पुढे अनेक वर्षे कामाला येऊ शकतो.

प्रवेश घेण्यापूर्वी काय तपासावे?

१. ज्या पदावर काम करायचे आहे, त्या पदाच्या भरतीच्या जाहिराती आधी वाचा. पात्रतेत पदवीचा विषय नेमका काय लिहिला आहे, ते टिपून ठेवा.

२. सरकारी पदाचा विचार असेल तर पदवीच्या गुणपत्रिकेवरील विषय त्या अटींशी जुळवून पाहा.

३. अभ्यासक्रमात एका सत्रात किती लेखन करून घेतात आणि त्यावर लेखी अभिप्राय मिळतो का, हे आजी-माजी विद्यार्थ्यांना विचारा. माहितीपत्रकावर विसंबून राहू नका.

४. शिकवणाऱ्यांपैकी किती जण सध्या त्या क्षेत्रात काम करत आहेत आणि इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग आहे का, ते पाहा.

५. शुल्काबरोबर राहण्या-खाण्याचा खर्च आणि त्या काळात बुडणारा पगारही हिशेबात धरा.

६. अर्ज करण्याआधी तीन महिने त्याच प्रकारचे लेखन स्वतः करून पाहा. एखादी क्लिष्ट सरकारी सूचना सोपी करा, ॲपची मार्गदर्शिका लिहा, लेखाचे भाषांतर करा आणि जाणकाराकडून तपासून घ्या. या कामात मन रमते की नाही, हे कळेल आणि दाखवण्याजोगे काही नमुनेही हाती येतील.

ज्याला राजभाषा अधिकारी, सरकारी अनुवादक किंवा प्राध्यापक व्हायचे आहे, त्याने योग्य विषयातील पदव्युत्तर पदवी घेणे क्रमप्राप्त आहे. ज्याला ॲप, जाहिरात, सॉफ्टवेअर किंवा प्रकाशनात काम करायचे आहे, तो आधी नोकरी किंवा इंटर्नशिप करून, उणीव नेमकी कुठे आहे हे ओळखून मग शिक्षणाकडे वळू शकतो. दूरशिक्षणाची सोय असल्याने दोन्ही एकत्र करण्याचा मार्गही खुला आहे. घरातल्या त्या ‘नोकरी कसली करणार?’ या प्रश्नाला उत्तर देताना अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा पदाचे नाव आणि त्याची पात्रता सांगता आली, तर चर्चा बरीच सोपी होईल.